आयोवा सायकलने ओलांडताना: रॅगब्रायच्या एका दिवसाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी ऑगस्ट लागला की मला तेच तेच प्रश्न येतात. काही इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर, काही पुण्या-नाशिकच्या सायकलवाल्यांकडून, उरलेले लातूरहून आईकडून. प्रत्येकाला वेगळा व्हॉइस मेसेज करण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी राहते आयोवाच्या राजधानीत. लिहितात डेस मॉइन्स, म्हणतात डि मॉइन. चार वेळा पूर्ण आठवडा केलाय, एकदा मधेच सोडून घरी आले. तोही अनुभव खाली आहे.

रॅगब्राय म्हणजे नक्की काय? शर्यत आहे का?

शर्यत नाही. वेळ कोणी मोजत नाही, नंबर काढत नाही. अमेरिकेच्या मध्यावरचं आयोवा राज्य पश्चिमेकडून पूर्वेकडे सायकलने ओलांडायचं, बस्स. जुलैचा शेवटचा पूर्ण आठवडा, रविवार ते शनिवार. एकूण अंतर सरासरी ७५० किलोमीटर, म्हणजे रोजचे शंभरच्या आगेमागे. मार्ग दर वर्षी वेगळा असतो आणि तो जानेवारीच्या अखेरीस जाहीर होतो.

सुरुवात १९७३ ची. 'डि मॉइन रजिस्टर' या वर्तमानपत्रातल्या जॉन कॅरस आणि डॉनल्ड कॉल या दोघांनी ठरवलं की राज्य सायकलने पार करायचं आणि वाटेतून मजकूर पाठवायचा. वाचकांनाही बोलावलं, यायचं तर या. सू सिटीहून निघताना तीनेकशे लोक जमले, पूर्ण अंतर ११४ जणांनी कापलं. त्यांत क्लॅरन्स पिकार्ड नावाचे ८३ वर्षांचे आजोबा होते. सायकल जुनी, बायकांची, आणि ऐन उन्हाळ्यात अंगात लोकरीचे लांब आतले कपडे. "या वयात जमेल का गं?" असं मला चाळिशीतलं कोणी विचारलं की मी फक्त पिकार्ड आजोबांची गोष्ट सांगते. आता हजारो लोक येतात. २०२० साली कोविडमुळे खंड पडला, २०२३ साली पन्नासावी फेरी झाली.

आयोवा तर सपाट आहे ना? मग कठीण काय त्यात?

हे विमानातून पाहिलेल्यांचं मत. राज्यातली सगळ्यात उंच जागा ५०९ मीटर, म्हणजे अख्खं राज्य पुण्याच्या खालीच. पण इथे घाट नसतो, लाटा असतात. चढ दोन-तीन मिनिटांचा, लगेच उतार, लगेच पुढचा चढ. सिंहगड चढणाऱ्याला एकेक चढ किरकोळ वाटेल. दिवसभरात असे साठ-सत्तर झाले की मांड्या हिशेब मागतात. पश्चिमेला मिसुरी नदीलगत लोएस टेकड्या आहेत, वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीच्या. म्हणजे नवख्याची पहिल्याच दिवशी परीक्षा.

प्रेअरी दिसते का? तो माणसाएवढ्या गवताचा समुद्र?

जवळजवळ नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. एके काळी राज्याचा बहुतेक भाग उंच गवताचा होता. त्यातला हजारात एक हिस्साही आता उरलेला नाही. त्या गवताच्या मुळ्या जमिनीत माणसापेक्षा खोल जायच्या आणि लाकडी-बिडाच्या नांगराला चिकण माती चिकटून बसायची. १८३७ साली शेजारच्या इलिनॉयमध्ये जॉन डिअर या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळ बनवला, माती सरकून पडायला लागली, आणि पुढच्या दोन पिढ्यांत गवत संपलं. मागे राहिली ती काळी माती. लातूरची काळी मी लहानपणापासून पाहिली आहे, पण ही वेगळी. भुसभुशीत, उन्हाळ्यात भेगा न पडणारी.

म्हणजे आज तुम्ही प्रेअरीच्या जागेवरून जाता आणि दोन्ही बाजूंना दिसतो मका. मका, सोयाबीन, मका, पवनचक्की, मका. तरी रस्ता आणि शेत यांच्यामधल्या चरात बघत चला. काही ठिकाणी तिथे मूळचं गवत राहिलंय किंवा पुन्हा पेरलंय. जांभळी कोनफ्लॉवर, रुईच्या कुळातलं मिल्कवीड, त्यावर मोनार्क फुलपाखरं. लाल खांद्याचा काळा पक्षी तारेवर बसलेला दिसला तर मान खाली घाला. त्याचं घरटं जवळ असेल तर तो मागून येऊन हेल्मेटवर टोच मारतो. थट्टा नाही, मला दोनदा मारली आहे.

एक दिवस जातो तरी कसा? सकाळपासून सांग.

साडेचारला जाग येते, गजर न लावता. अंधारात कुठेतरी तंबूची पहिली चेन सरकते, 'चर्रर्र', मग दुसरी, मग शेकडो. शाळेच्या मैदानावर कपाळाला दिवे बांधलेली माणसं हिंडत असतात. तंबू दवाने ओलागच्च असतो. तो तसाच ओला गुंडाळायचा, बॅग सामानाच्या ट्रकपाशी नेऊन टाकायची आणि सायकलच्या टायरला बोटाने दाबून हवा बघायची. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. मी त्याआधी पाच-दहा मिनिटं, पुढे-मागे दिवे लावून निघते.

माझा सगळ्यांना एकच आग्रह असतो, लवकर निघा. सकाळच्या पहिल्या तीन तासांत अर्धं अंतर कापलं तर दिवस तुमचा. नाश्त्याच्या रांगेत गप्पा मारत आठला निघालात तर दिवस वाऱ्याचा आणि मक्याचा. वारा उन्हाळ्यात बहुधा दक्षिणेकडून येतो आणि ऊन चढेल तसा वाढतो. आपण पूर्वेला चाललेले, म्हणजे तो दिवसभर उजव्या कानात. रस्ता दक्षिणेला वळला की तोंडावर. इथले रस्ते मैलामैलावर काटकोनात आखलेले, त्यामुळे वळणही असं हळूच येत नाही. एका चौकात तुम्ही ताशी पंचवीसने जात असता, वळलात की चौदा.

मक्याचं काय, तर मका घाम गाळतो. इथे खरंच 'मक्याचा घाम' असंच म्हणतात. भर उन्हाळ्यात एक एकर मका दिवसाला ११ ते १५ हजार लिटर पाणी हवेत सोडतो. जुलैअखेर तो पुरुषभर उंच असतो, तुरे आलेले, कणसांना रेशीम फुटलेलं. अशा दोन भिंतींमधून दहा वाजता जाताना हवा अंगाला ओल्या पंचासारखी चिकटते. पारा ३० च्या आसपासच असेल, पण मुंबईच्या मे महिन्यात आल्यासारखं वाटतं. वास मात्र सुंदर असतो, गोडसर, हिरवा.

आणि गावं. दर बारा-पंधरा किलोमीटरवर एक. आधी दिसते पाण्याची टाकी, चेंडूसारखी, तिच्यावर गावाचं नाव. मग धान्याची पांढरी उंच कोठारं. दिसायला लागल्यापासून पोचेपर्यंत वीस मिनिटं जातात, आणि त्यातली पंधरा मिनिटं टाकी तिथेच असते, जवळ येतच नाही. गावात शिरलं की सायकलवरून उतरून चालत जायचं, गर्दीच इतकी. साडेतीनशे वस्तीच्या गावात एका सकाळी हजारो माणसं. आजोबा नळी धरून येणाऱ्या-जाणाऱ्यावर पाणी उडवतात, पोरं लिंबूसरबत विकतात, अग्निशमन दलाच्या शेडमध्ये पॅनकेक भाजत असतात. मैल मोजणाऱ्या नवख्यांना मी सांगते, गावं मोज. आज शंभर किलोमीटर आहेत म्हटलं की पोटात गोळा येतो. सहा गावं आहेत म्हटलं की पहिल्यात पाय (तंगडी नव्हे, फळं भरून भाजलेला इथला गोड पदार्थ), दुसऱ्यात केळं, असा दिवस लागतो.

दुपारी एक-दोनपर्यंत मुक्कामाचं गाव येतं. सामानाच्या ट्रकमधून टाकलेल्या बॅगांच्या डोंगरात आपली शोधायची (माझ्या बॅगेला जुन्या पैठणीचा काठ बांधलेला आहे, दुरून दिसतो), सावली धरून तंबू लावायचा, ओले कपडे सायकलच्या दांड्यावर पसरायचे. अंघोळ शाळेच्या लॉकर रूममध्ये किंवा गावच्या पोहण्याच्या तलावावर, थोडे पैसे देऊन. चार वाजता तंबूत झोपायला जाल तर भाजून निघाल. झाडाखालीच पडा. संध्याकाळी गावच्या चौकात बँड, नाच, बिअर. सूर्य साडेआठनंतर मावळतो, मी तोवर घोरायला लागलेली असते.

म्हणजे ही सायकलची वारीच की!

असं प्रत्येक मराठी माणूस म्हणतो. मीही पहिल्या वर्षी म्हटलं होतं. मुक्काम, ट्रक, दिंड्यांसारखे टीशर्टवाले गट, गावोगावचं स्वागत, सगळं जुळतं. पण इथे पोचायचं कुठेच नसतं. शेवटी मिसिसिपी येते, पुढचं चाक तिच्या पाण्यात बुडवतात आणि गाडीत बसून घरी जातात. आणि इथलं गाव जेवू घालतं ते पैसे घेऊन. त्या दिवशीच्या पायवर चर्चचं छप्पर नवं होतं, शाळेच्या बँडला वाद्यं मिळतात. हे कमी नाही, फक्त वेगळं आहे. वारीला वारी म्हणू या.

मी शाकाहारी आहे. उपाशी मरेन का?

मरणार नाही, पण बेसावध राहाल तर चिडाल. आयोवात माणसांपेक्षा डुकरं कितीतरी पट जास्त आहेत आणि ते खाण्याच्या गाड्यांवरही कळतं. गुलाबी बसमधले मिस्टर पोर्क चॉप हे तर या सायकलफेरीचं दैवत, मक्याच्या वाळक्या बुरकुंडांच्या जाळावर भाजतात. धूर दोन टेकड्या अलीकडून येतो. खाणाऱ्यांनी जरूर खावं.

आपल्यासाठी: चर्चमधल्या बायकांनी केलेले पाय. सफरचंद, चेरी आणि रूबार्ब नावाची आंबट देठं. रूबार्बची चव कैरीच्या गोडांब्याच्या जवळ जाते, तोच घ्या. क्रस्टमध्ये चरबी असू शकते, कडक पाळणाऱ्यांनी विचारावं, त्या बायका खरं सांगतात. लोणी लावलेलं गोड मक्याचं कणीस. पीनट बटर-जॅमचं सँडविच. केसीज या पेट्रोलपंपवाल्या दुकानातला पिझ्झा. ही साखळी इथल्याच बून गावात सुरू झालेली, आणि खेड्यात कधी कधी दुसरं काही नसतंच. हातगाडीएवढं जुनं एकसिलिंडरी इंजिन 'फट्... फट्... फट्' करत आइसक्रीम घुसळताना दिसेल तिथे थांबा. रांग कितीही असो.

रात्रीची चर्चमधली स्पगेटी मात्र विचारून घ्या. "यात मांस नाही" याचा अर्थ कधी कधी "यात गोमांस नाही, सॉसेज आहे" असा निघतो. मार्ग फेअरफील्डवरून जाणार असेल तर नशीब काढलंत. तिथे महर्षी विद्यापीठ आहे आणि डाळभात मिळतो.

मी सोबत शेंगदाण्याची चिक्की, गूळ आणि लिंबाच्या लोणच्याची छोटी डबी ठेवते. घामाने मीठ गेलं की एक फोड चोखायची. इथले लोक त्यासाठी काकडीच्या लोणच्याचं पाणी पितात. मी दोन्ही करून पाहिलं, लिंबू जिंकलं.

शौचालयाचं काय?

प्लॅस्टिकची निळी-हिरवी खोकी असतात, त्यांना इथे 'कायबो' म्हणतात. सकाळी रांग, दुपारी भट्टी. कागद स्वतःचा ठेवा. बाकी मका उंच आहे, एवढंच लिहिते. सोयाबीनच्या शेतात जाऊ नका, ते गुडघा-मांडीएवढंच असतं.

लोक सारखे ओरडत काय असतात?

ती इथली भाषा आहे. डावीकडून पुढे जाणारा 'ऑन युवर लेफ्ट' म्हणतो. तेव्हा मागे वळून बघू नका, बघितलं की सायकल तिकडेच जाते. 'कार अप' म्हणजे समोरून गाडी, 'कार बॅक' म्हणजे मागून. रस्ते पूर्ण बंद नसतात, मोठ्या चौकांत पोलीस असतात एवढंच. 'रंबल्स' म्हणजे रस्त्यावर आडवे खाचे. थांबायचं असेल तर 'रायडर ऑफ' म्हणून उजवीकडे उतरायचं, पुन्हा येताना 'रायडर ऑन'.

सगळ्यात महत्त्वाची हाक 'क्रॅक'. इथले ग्रामीण रस्ते काँक्रीटच्या पाट्यांचे असतात. आडव्या सांध्यांवर चाक 'धप्-धप्, धप्-धप्' वाजत राहतं, त्याचं काही नाही. पण मधोमध उभी फट असते आणि ती कुठे कुठे बरोबर टायरएवढी रुंद होते. तिसऱ्या वर्षी माझं पुढचं चाक त्यात अडकलं. पडले, कोपर सोललं, मागचा गिअर वाकला. रस्त्याकडेच्या घरातल्या आजी गोठवलेल्या मक्याच्या दाण्यांची पिशवी घेऊन आल्या आणि कोपरावर धरून बसल्या. अमेरिकी वायुदलाची सायकल टीम दर वर्षी वाटेत अडलेल्यांच्या सायकली नीट करून देते. त्यांच्यातल्या एका मुलाने गिअर हातानेच सरळ केला, पैसे घेतले नाहीत. आजींनी पिशवी मात्र परत मागितली, रात्रीच्या जेवणाचा मका होता तो.

सायकल कोणती लागेल?

तुमची आहे ती. टायर २८ ते ३५ मिलिमीटरचे बरे, अगदी बारीक नकोत, कारण वर सांगितलंच. चढासाठी हलका गिअर हवा. ई-सायकली खूप दिसतात, चार्जिंग कुठे करणार ते आधी बघून ठेवा. नवी सीट आयत्या वेळी बसवू नका. सायकलच्या पॅडवाल्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते, आणि कातडी घासू नये म्हणून लावायचं क्रीम लाजून न लावणारा मंगळवारी रडतो.

सराव किती करावा?

निघण्यापूर्वी हजारेक किलोमीटर पायांत असावेत, त्यांत सलग दोन दिवस ऐंशी-ऐंशीचे निदान दोनदा. एकदा शंभर मारणं सोपं असतं. दुसऱ्या सकाळी त्याच सीटवर बसणं हा खरा सराव. हौस असेल त्यांच्यासाठी एका दिवशी जादा फेरा असतो, कॅरस लूप नावाचा, तो धरून त्या दिवसाचे शंभर मैल होतात. मी एकदा केला, बिल्ला आहे, पुन्हा करणार नाही.

मधे दमलं तर?

सॅग नावाची गाडी असते, ती माणूस आणि सायकल दोन्ही उचलून मुक्कामाला नेते. तिला लाजायचं नाही. मी ज्या वर्षी सोडलं, त्या वर्षी लाजले होते. चौथ्या दिवशी लघवीचा रंग चहासारखा झाला होता, डोकं दुखत होतं, तरी "पुढचं गाव येईल" म्हणत राहिले. शेवटी एका सायकलवाल्या नर्सबाईंनी मला दटावून सावलीत बसवलं. गाडी यायला वेळ लागला, रात्र सलाइनवर गेली आणि दुसऱ्या दिवशी नवरा येऊन घेऊन गेला. त्या दिवशी मी आठला निघाले होते, हे वेगळं सांगायला नको.

वादळ आलं तर?

येतंच एखादं. दुपारी पश्चिमेला आभाळ जांभळट-हिरवं होतं, वारा एकदम पडतो, आणि तंबूंच्या गावात सगळे एकाच वेळी खुंट्या ठोकायला लागतात. वीज दिसली किंवा भोंगा वाजला की तंबू सोडायचा आणि शाळेच्या किंवा चर्चच्या पक्क्या इमारतीत शिरायचं. १० ऑगस्ट २०२० च्या डेरेचो वादळाने इथे ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्याने लाखो एकर मका आडवा केला, त्यामुळे लोक या बाबतीत थट्टा करत नाहीत. एका रात्री आम्ही दोनशे जण शाळेच्या बास्केटबॉल कोर्टवर झोपलो. तंबू सकाळी शेजारच्या सोयाबीनमध्ये सापडला, आत बूट जसेच्या तसे.

एकटी बाई जाऊ शकते का? (आईचा प्रश्न. मूळ वाक्य: "परक्या गावात मैदानात झोपतेस, कोणी काही म्हणत नाही का?")

जाऊ शकते, मी दोनदा एकटीच गेले. तंबू बायकांच्या गटाशेजारी किंवा कुटुंबांजवळ लावते, बिअरच्या तंबूपासून लांब. ते शांततेसाठीही बरं. सायकलींना रात्री कुलूप घालते. बाकी आई, तिथे माझ्या शेजारी बाहत्तर वर्षांच्या बाई झोपल्या होत्या, त्यांना त्यांची मुलगी रोज फोन करून हेच विचारत होती.

भारतातून यायचं तर?

नोंदणी आधीच्या वर्षीच्या अखेरीस उघडते, त्यामुळे व्हिसाचं लवकर बघा. विमान ओमाहा किंवा डि मॉइनचं. सुरुवातीचं गाव एका टोकाला आणि शेवटचं दुसऱ्या टोकाला असतं, म्हणून खासगी बसवाल्यांकडे माणूस-सायकल दोन्हींची जागा आधी धरा. हे बसवाले जादा पैसे घेऊन तंबूही लावून देतात. पहिल्याच वेळी येणाऱ्याने ते पैसे जरूर खर्च करावेत. निघताना मागचं चाक मिसुरीच्या पाण्यात बुडवायचं विसरू नका, मार्ग नदीपासून सुरू होत असेल तर.

सामानात लोक हमखास काय विसरतात?

कपड्यांचे चिमटे. आणि कानात घालायचे बोळे.

उन्हाने पडलेले पट्टे किती दिवस टिकतात?

हातमोज्यांमुळे मनगटावर एक, दंडावर एक, मांडीवर सगळ्यात ठळक. गणपतीत मंडळाच्या आरतीला बिनबाह्यांचा ब्लाउज घालून गेले की अजूनही कोणीतरी विचारतं, भाजलं का गं? दिवाळीपर्यंत फिके होतात. मनगटावरचा मात्र माझा आता जातच नाही, तो घड्याळाखाली लपवते.